इच्छा कोणाची, दोष कोणाचा?



काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या कमिटीपुढे एक दुःखद प्रकरण आले. त्या कमिटीत मीही होतो, आणि जो निर्णय झाला त्याला मीही हात वर करून संमती दिली. त्या निर्णयाविषयी माझे मन आजही पूर्ण स्वस्थ नाही. म्हणूनच आज आपणापुढे हा विषय मांडीत आहे.

आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षक होते. लहानथोर सारे त्यांना गुरुजी म्हणत. शब्बाथ शाळेत त्यांच्या हाताखाली दोन पिढ्या शिकल्या होत्या आणि चौदा वर्षे ते मंडळीचे खजिनदार होते. साठी ओलांडल्यावर त्यांचा उजवा हात कापू लागला, चाल मंदावली. डॉक्टरांनी कंपवाताचे निदान केले व गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांचा गुण चांगला आला. हिशेबाच्या वहीत पुन्हा त्यांचे वळणदार अक्षर उमटू लागले आणि आम्ही देवाचे आभार मानले.

वर्षभराने त्यांच्या पत्नीला कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, लॉटरीच्या तिकिटांचे गठ्ठे सापडले. ज्या माणसाने जन्मात कधी पत्त्यांना हात लावला नव्हता, तो रोज सकाळी तिकिटांच्या दुकानापुढे उभा राहत होता. पुढे वार्षिक हिशेब तपासताना उपकारस्तुतीच्या दानातील साडेसात हजार रुपये कमी भरले. विचारले तेव्हा गुरुजी म्हणाले की, ते पैसे त्यांनी एका गरजू कुटुंबाला गुप्तपणे दिले. चौकशीअंती असे कुटुंबच नव्हते, हे उघड झाले. कमिटीने त्यांना खजिनदारपदावरून दूर केले आणि सहा महिने प्रभुभोजनापासून वेगळे ठेवले.

चार महिन्यांनंतर त्यांची मुलगी, जी बंगळुरूस परिचारिका आहे, रजेवर आली व त्यांना मज्जाविकारतज्ज्ञाकडे घेऊन गेली. तज्ज्ञाने विचारलेल्या पहिल्या काही प्रश्नांतच एक प्रश्न असा होता : “ही गोळी सुरू झाल्यापासून जुगार, खरेदी किंवा खाणे यांची नवी ओढ लागली आहे काय?” गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आले. ती गोळी हळूहळू कमी करण्यात आली. काही आठवड्यांतच तिकिटांची ओढ ओसरली. त्याबरोबर हाताचा कंप मात्र बऱ्याच अंशी परत आला.

पाळकसाहेब आणि मी त्यांच्या घरी गेलो. “गुरुजी, दोष तुमचा नव्हता, गोळीचा होता. आमचे चुकले,” असे आम्ही म्हणालो. गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “ओढ गोळीची होती, हे खरे. पण त्या गरीब कुटुंबाची गोष्ट गोळीने रचली नाही, ती मी रचली. तुम्ही मला निर्दोष ठरवू नका. क्षमा करा.”

वाचकहो, त्या दिवसापासून दोन प्रश्न माझ्या मनात घर करून आहेत. एखाद्या रसायनाने माणसाची इच्छा बदलत असेल, तर त्या इच्छेपोटी घडलेल्या कृत्याचा दोष कोणाचा? आणि गोळी न घेणाऱ्या तुमच्या-माझ्या इच्छाही जर त्याच रसायनाच्या आधाराने चालत असतील, तर पाप, पश्चात्ताप व क्षमा या शब्दांना काही अर्थ उरतो काय? उत्तराची घाई करण्यापूर्वी ते रसायन कोणते आणि ते करते काय, हे नीट समजून घेतले पाहिजे.

त्याचे नाव डोपामीन. त्याच्या शोधाच्या कथेत आपल्या भूमीचाही वाटा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडील वैद्यांना पूर्वापार ठाऊक आहे. १९४९ मध्ये मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी ब्रिटनमधील हृदयविकारविषयक नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे १९५७ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे आर्विड कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांना रेसरपिन दिले, तेव्हा ते प्राणी निश्चल होऊन पडले. मग ज्यापासून शरीरात डोपामीन तयार होते ते डोपा नावाचे द्रव्य त्यांना टोचताच ते थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागले. डोपामीन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे यातून पुढे आले. या कार्यासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे ओलेह हॉर्निकिविच यांनी कंपवाताने मृत झालेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन फारच कमी असल्याचे दाखवले. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिलेल्या त्या रोगाला अशा रीतीने उपचाराची वाट सापडली.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. त्यांपैकी मेंदूच्या मध्यभागात राहून डोपामीन पुरवणाऱ्या पेशी केवळ चार ते सहा लाख. पण त्यांचे तंतू मेंदूत दूरवर पसरलेले असतात आणि एकेका पेशीचा संदेश असंख्य पेशींपर्यंत पोहोचतो. या मूठभर पेशी काय सांगत असतात?

पुष्कळ दिवस समजूत अशी होती की, त्या सुख सांगतात. १९५४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स व पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत विशिष्ट जागी बारीक तार बसवली आणि उंदराने कळ दाबली की तेथे किंचित विद्युत्प्रवाह जाईल, अशी योजना केली. उंदीर ती कळ तासाला शेकडो, काही तर हजारो वेळा दाबू लागले. मेंदूतील सुखाचे केंद्र सापडले, असा बोलबाला झाला. त्या ओढीत डोपामीनचा मोठा भाग असल्याचे पुढे दिसून आल्यावर ‘आनंदाचे रसायन’ हे बिरुद त्याला चिकटले. वर्तमानपत्रांतून आजही ते तसेच वापरले जाते.

परंतु कळ पुनःपुन्हा दाबणारा सुखी असतोच, असे कोणी सांगितले? अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज व टेरी रॉबिन्सन यांनी या समजुतीला धक्का दिला. ज्यांच्या मेंदूतील डोपामीन जवळजवळ नाहीसे झाले होते, अशा उंदरांच्या जिभेवर त्यांनी साखरेचे पाणी सोडले. उंदरांनी चवीने ओठ चाटले. गोड त्यांना पूर्वीइतकेच आवडत होते. परंतु समोर अन्न ठेवले तरी ते उठून खायला जात नव्हते. नळीने भरवले नसते, तर ते उपाशी मेले असते. आवड शिल्लक होती, ओढ संपली होती. म्हणजे आवडणे आणि हवेसे वाटणे या मेंदूच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि डोपामीनचा संबंध मुख्यतः दुसरीशी आहे. व्यसनी मनुष्य दिवसेंदिवस अधिक मागतो आणि त्यात त्याला दिवसेंदिवस कमी गोडी लागते, या करुण विसंगतीचा उलगडा येथे होतो. आपल्याला नको आहे तेच आपण करतो, ही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायातील प्रेषिताची व्यथा वाचताना मला आता ते उंदीर आठवतात. प्रेषित मज्जाशास्त्र सांगत नव्हता, हे मी जाणतो. तरी ओढ आणि आवड यांची फारकत त्याने स्वतःच्या अंतरात अनुभवली होती.

या पेशींचे आणखी एक कार्य स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर्ग येथे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरील प्रयोगांतून उलगडले. माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की, डोपामीनच्या पेशी जोराने स्फुरत. मग रसापूर्वी प्रत्येक वेळी एक खूण दाखवण्यात येऊ लागली. काही काळाने पेशी खूण दिसताच स्फुरू लागल्या आणि रस मिळाल्यावर मात्र त्या आपल्या नेहमीच्या संथ गतीनेच चालू राहिल्या. शेवटी खूण दाखवून रस दिला नाही, तेव्हा तो ज्या क्षणी मिळायचा नेमक्या त्या क्षणी पेशींचे स्फुरण मंदावले. या पेशी बक्षिसाची मोजदाद करीत नव्हत्या, तर अपेक्षा आणि अनुभव यांतील अंतर सांगत होत्या. अपेक्षेहून अधिक मिळाले तर होकार, कमी मिळाले तर नकार, आणि अपेक्षेइतकेच मिळाले तर मौन. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन व रीड माँटेग्यू यांनी हे गणिताच्या आधारे मांडले. कशाच्या मागे जावे व कशाच्या मागे जाऊ नये, हे प्राणी या अंतरावरूनच शिकतो. आपल्या भाषेत ‘अपेक्षाभंग’ हा किती नेमका शब्द आहे! अपेक्षा मोडते तेव्हाच मेंदूला धडा मिळतो.

आता गुरुजींकडे वळू. कंपवाताच्या औषधांत एक प्रकार असा आहे की, तो मेंदूत डोपामीनचे सोंग घेतो व त्याच्या जागी काम करतो. २०१० मध्ये अमेरिका व कॅनडातील तीन हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. ही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांना जुगार, खरेदी, खाणे किंवा कामवासना यांचा आवर न राहण्याचा त्रास आढळला. ती न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. त्याआधी २००४ मध्ये मायकेल फ्रँक व सहकाऱ्यांनी दाखवले होते की, औषधाविना असलेले कंपवाताचे रुग्ण चुकीच्या निवडीपासून अधिक शिकतात, तर औषध घेतल्यावर ते लाभापासून अधिक व तोट्यापासून कमी शिकतात. याचे एक स्पष्टीकरण असे की, तोटा झाला म्हणजे डोपामीनला जो क्षणिक ओहोट लागावा, तो औषधाच्या भरतीमुळे मेंदूला जाणवतच नाही. गुरुजी रोज हरत होते आणि हरण्याने त्यांना जो धडा मिळायचा, तो मिळत नव्हता. आम्ही कमिटीत बसून म्हणालो होतो, “इतका शहाणा माणूस, इतके पैसे गमावूनही त्याला कळू नये?” त्यांना कळत होते. कळलेले जेथे वळण घेते, तो रस्ताच अडला होता.

हे वाचून कोणी म्हणेल, तर मग प्रश्न मिटला. रसायनाने केले, माणूस मोकळा झाला. दुसरा कोणी म्हणेल, हे सारे पापाला दिलेले विज्ञानाचे पांघरूण आहे, मोहाला बळी पडणारा आपल्या मनानेच बळी पडतो. या दोन्ही उत्तरांनी माझे समाधान होत नाही. ते का, हे सांगण्यासाठी माझ्या भाषांतराच्या मेजावरील दोन शब्द आपणापुढे ठेवतो.

पहिला शब्द इब्री आहे : ‘खामद’. दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरण्यास मनाई आहे, तेथे हे क्रियापद येते. एदेन बागेतील निषिद्ध झाड हव्वेला इष्ट वाटले, तेथेही हाच धातू आहे. एवढ्यावरून हा पापाचाच शब्द आहे, असे कोणी समजेल. परंतु त्याच कथेत, एक अध्याय आधी, देवाने स्वतः लावलेली बागेतील झाडे डोळ्यांना मनोहर होती असे सांगताना हाच धातू योजला आहे. आणि एकोणिसाव्या स्तोत्रात देवाचे निर्णय सोन्याहून इष्ट आहेत, असे म्हणतानाही तोच. दुसरा शब्द ग्रीक आहे : ‘एपिथुमिया’. याकोबाच्या पत्रात माणसाला ओढून नेणारी ती वासना. पण लूकच्या बाविसाव्या अध्यायात, मरणापूर्वी शिष्यांबरोबर वल्हांडणाचे भोजन करण्याची आपली उत्कट इच्छा प्रभू व्यक्त करतो, तेथेही हाच शब्द आहे. ‘वासना’ हा शब्द त्या ठिकाणी योजण्याचे धाडस कोणी मराठी भाषांतरकार करणार नाही आणि करूही नये. आम्हांला प्रसंगानुसार निरनिराळे शब्द घ्यावे लागतात, पण त्यामुळे एक गोष्ट वाचकाच्या दृष्टीआड होते. पवित्र शास्त्राला ओढ ही मुळात एकच शक्ती म्हणून ठाऊक आहे. ती कशाकडे वळते, कोणाचे हिरावून घेते, किती काळ पोसली जाते, यावर तिचे नाव ठरते.

म्हणून ओढ उत्पन्न होणे हा दोष नव्हे. ती उत्पन्न करणारी पेशी ही देवाच्या निर्मितीचाच भाग आहे. तिच्यावाचून बालक आईकडे रांगणार नाही, शेतकरी पेरणार नाही, तहानलेला विहिरीकडे जाणार नाही. गुरुजींना मुलांना शिकवण्याचा जो ध्यास होता, त्यातही या पेशींचा वाटा होताच. येथे त्या पहिल्या उत्तरातील उणीव दिसते. रसायनाचा हात आहे म्हणून पाप हे पाप नव्हे, असे म्हणायचे असेल, तर रसायनाचा हात आहे म्हणून प्रेम हे प्रेम नव्हे आणि सेवा ही सेवा नव्हे, असेही म्हणावे लागेल. वाईटापुरते विज्ञान मानायचे आणि चांगल्याचे श्रेय मात्र स्वतःकडे ठेवायचे, हा प्रामाणिक हिशेब नव्हे. कृत्य कोणत्या साधनाने घडले हे सांगितल्याने ते कोणाचे, हा प्रश्न मिटत नाही.

तर मग दुसरे उत्तर बरोबर आहे काय? तेही नाही. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात वासनेची गर्भवती स्त्रीशी तुलना करतो. वासना गर्भ धरते, मग पापाला जन्म देते, आणि पापाची वाढ पुरी झाली की मरण. गर्भ आणि जन्म यांमध्ये काळ असतो. त्या काळात मनुष्य जागा होऊ शकतो, मागे फिरू शकतो, कोणाला तरी सांगू शकतो. जबाबदारी राहते ती त्या मधल्या जागेत. ही जागा सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. आजार, बालपणीची होरपळ, भूक, औषध यांनी ती आक्रसते. कोणाच्या अंतरात ती अंगणाएवढी असते, तर कोणाच्या अंतरात उंबऱ्याएवढीही नसते. बाहेरून पाहणाऱ्याला केवळ कृत्य दिसते, जागा दिसत नाही. आमच्या कमिटीने कृत्य मोजले आणि जागा आपापल्या अंतरातली धरली. आमची चूक झाली ती तेथे.

गुरुजींनी मात्र स्वतःची जागा अधिक काटेकोरपणे मोजली. तिकिटांच्या दुकानापुढे ती जवळजवळ उरली नव्हती, हे त्यांनी मान्य केले. पण खोटे बोलण्याच्या क्षणी ती थोडी तरी होती, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी स्वतःला फार कठोरपणे तोलले असेल, असे मला अजूनही वाटते. ज्याला लाज ग्रासते, तो भयानेही खोटे बोलतो. तरी त्यांच्या मागणीचा अर्थ मला हळूहळू उमगला. ‘तुमचा दोष नव्हता’ असे आम्ही म्हणालो, तेव्हा आमच्या मनात दया होती. पण त्या दयेत नकळत हेही होते की, तेथे गुरुजी नव्हतेच, केवळ एक बिघडलेले यंत्र होते. आणि यंत्राला कोणी क्षमा करीत नाही, दुरुस्त करतो. क्षमा केवळ माणसाला करता येते. क्षमा मागून गुरुजी आपले माणूसपण परत मागत होते.

सबब आणि क्षमा यांतील हा भेद आपण मंडळी म्हणून शिकला पाहिजे. जेथे माणूस करूच शकत नव्हता, तेथे सबब ऐकून घेणे हा न्याय आहे. जेथे करू शकत होता व केले नाही, तेथे क्षमा हे औषध आहे. आणि आपल्या बहुतेकांच्या बहुतेक कृत्यांत हे दोन्ही इतके मिसळलेले असते की, त्यांची पूर्ण फाळणी अंतःकरणे पारखणारा देवच करू जाणे. आपल्या हाती उरते ते एवढेच की, सबब ऐकायला कान उघडे ठेवावेत आणि क्षमेचा हात आखडता घेऊ नये.

वाचकहो, येथवर मी दुसऱ्याविषयी बोललो. आता तुमच्या-माझ्याविषयी.

आपण ती गोळी घेत नाही. परंतु आपल्या त्या चार-सहा लाख पेशींपुढे रोज काय वाढून ठेवायचे, हे पुष्कळ अंशी आपण ठरवतो. शुल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांना २००३ मध्ये असे आढळले की, बक्षीस मिळेल की नाही याची अनिश्चितता जेव्हा सर्वाधिक असते, म्हणजे मिळण्याची व न मिळण्याची शक्यता समसमान असते, तेव्हा खूण आणि बक्षीस यांमधल्या काळात या पेशींचे स्फुरण चढत जाते. लॉटरीच्या तिकिटाची ओढ याच जातीची आहे, आणि हातातील मोबाइलचीही. पडदा वर सरकवावा, काही मिळेल, काही मिळणार नाही, म्हणून पुन्हा सरकवावा. मी स्वतः भाषांतराचा कागद बाजूला सारून दिवसातून कितीदा तो उचलतो, हे मोजण्याचे धैर्य मला झालेले नाही. उचलतो तेव्हा हवासा वाटतो, ठेवतो तेव्हा काही आवडले होते असे आठवत नाही. गुरुजींना तिकिटांपासून दूर ठेवणारे आम्ही, आमच्या अंतरात ती मधली जागा पुष्कळ मोठी असूनही, तिचा काय उपयोग करीत होतो?

आणि याहून सूक्ष्म गोष्ट कृतज्ञतेची. अपेक्षेइतकेच मिळाले तर पेशी मौन धरतात, असे आपण पाहिले. या वाक्याने मला रानातील इस्राएल लोकांची कथा नव्याने समजली. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात पहिल्या सकाळी जमिनीवर काही बारीक, कण्यांसारखे पडलेले पाहून ते एकमेकांना विचारू लागले, “मान हू?” म्हणजे, हे काय आहे? त्या प्रश्नावरूनच त्या अन्नाचे नाव मान्ना पडले. मराठी शास्त्रात आम्ही ते नाव तसेच ठेवतो, त्यामुळे त्यात दडलेला आश्चर्याचा उद्गार मराठी वाचकाला ऐकू येत नाही. पण इब्री लोकांनाही तो फार दिवस ऐकू आला नाही. गणनेच्या अकराव्या अध्यायात तेच लोक मिसरातील मासे, काकड्या, कांदे आठवून रडतात आणि या मान्न्याशिवाय दृष्टीस काही पडत नाही, अशी कुरकुर करतात. मान्ना बदलला नव्हता. तो रोज मिळणार हे ठाऊक झाले होते.

मेंदू असा घडला आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही. रोजच्या सूर्योदयाने जर तो पहिल्या दिवसासारखा दिपून गेला, तर नवे काही शिकणार नाही. पण म्हणूनच कृतज्ञता ही आपोआप येणारी भावना नाही. नवलाईचा आनंद पेशी देतात. नवलाई सरल्यावरचे आभार माणसाला स्वतः मानावे लागतात. रोजच्या भाकरीसाठी रोज प्रार्थना करायला प्रभूने आपल्याला का शिकवले, याचे एक कारण मला येथे दिसते. भाकरीपुढे हात जोडून आपण क्षणभर थांबतो, तेव्हा तोच जुना प्रश्न पुन्हा विचारतो : हे काय आहे? हे कोठून आले? ते मिळणारच होते, असे कोणी ठरवले? अशा थांबण्याची सवय जडते आणि सवय म्हणजे मेंदूचे शिकणेच. ज्या पेशी तिकिटाच्या मागे धावायला शिकतात, त्या दीर्घ सहवासाने दुसऱ्या गोष्टींकडेही वळायला शिकतात. या आशेवरच तर शब्बाथ शाळा चालते.

शेवटी मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना दोन व्यावहारिक विनंत्या. एखाद्या सरळमार्गी माणसाचे वागणे थोड्या काळात एकाएकी बदलले, तर कमिटी भरवण्यापूर्वी त्याच्या घरी जा आणि त्याला कोणता आजार आहे, कोणते औषध नव्याने सुरू झाले आहे, हे प्रेमाने विचारा. आणि अशा रुग्णाला औषध परस्पर बंद करण्याचा सल्ला कदापि देऊ नका. कंपवाताची औषधे अचानक थांबवणे धोक्याचे असते. ते काम डॉक्टरांचे आहे. आपले काम त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जाण्याचे.

गुरुजींनी ते साडेसात हजार रुपये निवृत्तिवेतनातून दरमहा थोडे थोडे करून फेडले. आम्ही नको म्हणालो, त्यांनी ऐकले नाही. त्यांची शिक्षा आम्ही मुदतीपूर्वी मागे घेतली आणि उपासनेत, सर्वांसमक्ष, पाळकसाहेबांनी कमिटीच्या वतीने त्यांची क्षमा मागितली. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला गुरुजी पुढे आले, तेव्हा त्यांचा हात इतका कापत होता की लहानशा पेल्यातील रस त्यांच्या बोटांवर सांडला. औषध वाढवले असते तर हात स्थिर राहिला असता, हे त्यांना ठाऊक होते आणि आम्हांलाही. पाळकसाहेबांनी आपल्या दोन्ही हातांत त्यांचा हात धरला व पेला त्यांच्या ओठांपर्यंत नेला.

मी त्यांच्या मागेच रांगेत उभा होतो. माझा हात स्थिर होता. तो स्थिर आहे, यात माझे कर्तृत्व काहीच नाही, ही जाणीव त्या सकाळी मला प्रथम झाली. ही जाणीव देव आपणा सर्वांना देवो, आणि दुसऱ्याचा न्याय करण्यासाठी आपण हात वर करू, त्या क्षणी ती आपल्याजवळ असो.